शिकाऊ हात आणि दूरचे डोळे : ग्रामीण आरोग्यसेवेतील दूरस्थ देखरेख

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन एकाच वेळी झाले. पंतप्रधानांनी ते दृक्‌श्राव्य यंत्रणेद्वारे, दुरूनच केले. त्या दहांमध्ये वाशीम होते. दहा महाविद्यालये मिळून एमबीबीएसच्या ९०० जागा, त्यांतील शंभर वाशीमच्या. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा आणि सुमारे बारा लाख लोकवस्तीचा हा जिल्हा. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत वाशीमचा समावेश होता. अशा जिल्ह्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

परंतु उद्घाटन दुरून करता येते. शिक्षण दुरून करता येते का, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. तो आज ना उद्या विचारावाच लागणार आहे. वाशीमच्या पहिल्या तुकडीचा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम २०२९ च्या सुमारास पूर्ण होईल आणि त्यानंतर वर्षभराच्या आंतरवासितेसाठी ही मुले-मुली रुग्णालयांत व ग्रामीण आरोग्य केंद्रांत उतरतील. त्यांतील काही रिसोडकडे येतील. पैनगंगेच्या खोऱ्यातील, जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या या तालुक्याच्या गावी रेल्वे नाही. वाशीम येथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, अकोला त्याच्या दुप्पट आणि नागपूर अडीचशे-तीनशे किलोमीटर. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला आहे खरा, पण मध्यरात्री रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला महामार्गाचा काय उपयोग? तिचे गुरुजन अकोल्याला किंवा वाशीमला असणार, आणि तिच्या हातात असणार मोबाईल फोन.

म्हणूनच ‘तंत्रज्ञानाच्या साहाय्याने प्रशिक्षणार्थींवर दूरस्थ देखरेख’ हा वरकरणी रुक्ष वाटणारा विषय रिसोडच्या रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांशीही तो निगडित आहे, कारण परिचारिकेचा अभ्यासक्रम शिकणारी मुलगी वा भाची नाही असे घर आपल्यात शोधावेच लागेल.

प्रथम शासनाने काय ठरविले आहे ते पाहू. २०२० च्या सप्टेंबरमध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत दुरुस्ती करून एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे सक्तीचे करण्यात आले. याला ‘जिल्हा निवासी कार्यक्रम’ म्हणतात. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात हे तीन महिने पार पाडावयाचे असतात. नियम असा की, निवासी डॉक्टर तेथील त्या त्या विषयाच्या तज्ज्ञाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली काम करील. त्याच वेळी आपल्या मूळ महाविद्यालयातील अध्यापकांशी दूरध्वनी, मोबाईल व इंटरनेट यांद्वारे संपर्कात राहील आणि तेथील शैक्षणिक उपक्रमांत दुरूनच भाग घेईल. कागदावर ही रचना उत्तम आहे. शेजारी एक गुरू आणि पडद्यावर दुसरा.

अडचण ‘शेजारच्या गुरू’पाशी सुरू होते. केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार ३१ मार्च २०२२ रोजी देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत (आपल्याकडे त्यांना ग्रामीण रुग्णालये म्हणतात) शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन व बालरोगतज्ज्ञ यांची गरजेच्या तुलनेत सुमारे ऐंशी टक्के उणीव होती. म्हणजे जेथे पाच तज्ज्ञ हवेत तेथे एक. जिल्हा रुग्णालयांची स्थिती त्यापेक्षा बरी असली, तरी जिल्ह्याच्या गावापासून जसजसे दूर जावे तसतसा शेजारचा गुरू अंतर्धान पावतो आणि पडद्यावरचा तेवढा उरतो. मग ‘दोघांपैकी एक’ ही पुरवणी न राहता तोच एकमेव आधार बनतो. दूरस्थ देखरेखीची खरी परीक्षा येथे आहे.

कल्पना करा. रात्रीचे दोन वाजले आहेत. बंधपत्रावर एक वर्षाच्या ग्रामीण सेवेसाठी आलेली, नुकतीच पदवी घेतलेली डॉक्टर कामावर आहे. सोबत एक परिचारिका आणि परिचर्येची एक विद्यार्थिनी. एका खेड्यातून पन्नाशीच्या बाईला जीपमधून आणले आहे. “मले जीव घाबरते,” एवढेच ती बाई सांगते. वऱ्हाडीत ‘जीव घाबरणे’ म्हणजे छातीत धडधडणे असू शकते, साखर कमी झालेली असू शकते, मनाची तगमग असू शकते किंवा हृदयविकाराचा झटका असू शकतो. डॉक्टर हृदयालेख काढते, त्याचे छायाचित्र मोबाईलवरून शहरातल्या वरिष्ठांना पाठविते. आता तीन शक्यता आहेत. वरिष्ठ जागे असतील आणि दोन मिनिटांत उत्तर देतील. वरिष्ठ झोपलेले असतील. किंवा वरिष्ठ उत्तर देतील, पण केवळ ‘अमुक औषध द्या आणि पुढे पाठवा’ एवढेच. पहिल्या आणि तिसऱ्या शक्यतेत रुग्णाचे भले झाले असे मानू. पण त्या तरुण डॉक्टरला काय शिकावयास मिळाले? पुढच्या वेळी तोच आलेख समोर आला, तर ती स्वतः वाचू शकेल काय?

देखरेख म्हणजे नेमके काय?

माझ्या मते सारा घोटाळा ‘देखरेख’ या एका शब्दाने केला आहे. आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना हे एकच नाव देतो.

पहिली गोष्ट म्हणजे हजेरी. माणूस जागेवर आहे की नाही, हे पाहणे. या बाबतीत तंत्रज्ञानाने कमालच केली आहे. बोटाच्या ठशांवर चालणारी हजेरी जुनी झाली. मे २०२५ पासून वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने चेहऱ्यावरून ओळख पटवणारी आधार-संलग्न हजेरी आणली आणि तिला ठिकाणाची खूणगाठही बांधली. गैरहजेरीचा रोग जुना आहे, त्यामुळे त्यावर औषध नको असे कोणी म्हणणार नाही. पण यंत्र सांगते की शिक्षक इमारतीत होता. तो शिकवीत होता की नाही, हे यंत्राला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सल्ला. समोर असलेल्या एका रुग्णाचा प्रश्न सोडविणे. यातही आपण बरीच मजल मारली आहे. इस्रोने २००१ पासून उपग्रहाद्वारे दूरवैद्यकाचे प्रयोग सुरू केले. सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी म्हणून ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला, तेव्हा वृत्तपत्रांतून आता खेड्याखेड्यांत प्राध्यापक पोहोचणार असे लिहून येत होते. तो उपग्रह २०१० साली निवृत्तही झाला. पुढे २०१९ मध्ये ‘ई-संजीवनी’ आली आणि १३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, रुग्णांना थेट घरून डॉक्टरांशी बोलण्याची सोय तिच्यात झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी पडद्यावरून वरच्या डॉक्टरांना विचारतात आणि रुग्णाला औषध देतात. साध्या सपाट भागात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा शासकीय निकष आहे. अशा केंद्रांना २०२३ पासून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले आहे. आजवर कोट्यवधी सल्ले या मार्गाने दिले गेले आणि गरिबांचा एस.टी.चा खर्च व बुडणारी मजुरी वाचली. हा लाभ लहान नाही.

तिसरी गोष्ट मात्र सर्वांत अवघड आणि सर्वांत उपेक्षित आहे. ती म्हणजे घडविणे. प्रशिक्षणार्थी आज जे विचारून करतो ते उद्या न विचारता नीट करील, आणि जे स्वतः करू नये ते ओळखून थांबेल, अशी त्याची मती तयार करणे. सल्ल्यात प्रश्न रुग्णाचा असतो. घडविण्यात रुग्णाबरोबर शिकणाऱ्याचाही प्रश्न असतो, आणि म्हणून वेळ दुप्पट लागतो. जी व्यवस्था आपले यश ‘किती सल्ले झाले’ या आकड्याने सांगते, तिला हा दुप्पट वेळ परवडत नाही. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने “सर, हेच औषध का? दुसरे का नाही?” असे विचारावयाचे ठरविले, तर पडद्यामागे पुढची रांग ताटकळत असते.

न्यू मेक्सिकोचा धडा

सल्ला आणि घडविणे यांतील फरक ज्याने प्रत्यक्षात दाखवून दिला, तो एक भारतीय वंशाचा डॉक्टर आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथे डॉ. संजीव अरोरा हे यकृतरोगतज्ज्ञ काम करीत. हेपॅटायटिस सी झालेल्या रुग्णांना त्यांच्या दवाखान्यात भेटीसाठी आठ-आठ महिने थांबावे लागे आणि ते शेकडो मैलांवरून येत. २००३ साली त्यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. त्यांनी दूरच्या रुग्णांना पडद्यावर तपासण्याचा मार्ग धरला नाही. त्यांनी दूरच्या डॉक्टरांना व परिचारिकांना दर आठवड्याला ठरलेल्या वेळी पडद्यासमोर एकत्र बसविले. प्रत्येकाने आपला रुग्ण मांडावयाचा, इतरांनी प्रश्न विचारावयाचे आणि तज्ज्ञांनी शेवटी बोलावयाचे. रुग्णाची जबाबदारी स्थानिक डॉक्टरकडेच राहावयाची. आठवड्यामागून आठवडे तीच मंडळी भेटत असल्यामुळे दुसऱ्याच्या रुग्णावरूनही शिकावयास मिळे.

२०११ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये प्रसिद्ध झाले. ४०७ रुग्णांची तुलना केली होती. विद्यापीठाच्या दवाखान्यात बरे होण्याचे प्रमाण ५७.५ टक्के, दूरच्या केंद्रांवर, ज्यांत पाच तुरुंगही होते, ५८.२ टक्के. म्हणजे तज्ज्ञाकडे गेलेला रुग्ण आणि तज्ज्ञाच्या शिष्याकडे गेलेला रुग्ण यांच्यात फरक उरला नाही. तुरुंगातल्या बंद्यालाही विद्यापीठाइतकेच चांगले उपचार मिळाले, ही गोष्ट मला त्या टक्केवारीपेक्षाही महत्त्वाची वाटते. या पद्धतीचा प्रसार भारतातही झाला आहे. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेने मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी ती वापरली.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. न्यू मेक्सिकोत पडद्यापुढे बसलेले लोक आधीच पूर्ण शिक्षण घेतलेले होते. नवशिक्यांचे काय? त्यासाठी ऑस्ट्रेलियाकडे पाहावे लागेल. तेथे दूरच्या वस्त्यांत एकट्याने काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना जागा न सोडता सामान्य वैद्यकाचे प्रशिक्षण पूर्ण करता यावे, म्हणून गेली पंचवीस वर्षे एक स्वतंत्र योजना चालू आहे. देखरेख करणारा गुरू शेकडो किलोमीटरवर असतो. परंतु तो ठरलेला, नावानिशी ओळखीचा असतो. सुरुवातीला संपर्क वारंवार आणि ठराविक वेळी, पुढे शिष्य तयार होईल तसे अंतर वाढविले जाते. दर आठवड्याला पडद्यावर वर्ग भरतो. शिवाय, आणि हेच मर्म आहे, वर्षातून काही दिवस सर्वांना एकत्र बोलाविले जाते आणि एखादा शिक्षक स्वतः त्या गावी जाऊन शिष्याला रुग्ण तपासताना प्रत्यक्ष पाहतो. पडदा हा दोन भेटींमधला पूल आहे. भेटीच्या जागी पडदा आणला की पूल हवेत लोंबकळतो.

हे आपल्याकडे नवीन आहे काय? मुळीच नाही. महाराष्ट्राने हे मोबाईल येण्यापूर्वीच करून दाखविले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. निरक्षर, बहुधा दलित आणि परित्यक्ता अशा स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्य सेविका बनविले. त्या स्त्रिया आठवड्याला जामखेडला येत, आपल्या गावातील अनुभव सांगत आणि नवा धडा घेऊन परत जात. साप्ताहिक बैठक, स्वतःचा रुग्ण आणि एकमेकींकडून शिकणे. न्यू मेक्सिकोने पुढे जे पडद्यावर केले, ते जामखेडने सतरंजीवर केले होते. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, थोड्याबहुत शिकलेल्या खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्यास शिकविले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाला. या यशाचे श्रेय देताना आपण प्रशिक्षणाविषयी बोलतो, इंजेक्शनविषयी बोलतो. दर पंधरवड्याला गावात येऊन नोंदवही तपासणाऱ्या, बालकाला पुन्हा पाहणाऱ्या पर्यवेक्षकाविषयी फारसे कोणी बोलत नाही. माझा असा ग्रह आहे की, त्या पंधरवड्याच्या फेरीशिवाय ते आकडे दिसले नसते.

पडद्याच्या पलीकडचे काही

सर्व काही पडद्यावरून शिकविता येत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बाळंतपणानंतर गर्भाशय घट्ट आवळले आहे की पिठाच्या गोळ्यासारखे सैल आहे, हे हातालाच कळते. सैल असेल तर रक्तस्राव होणार, आणि तो काही मिनिटांत मातेचा जीव घेऊ शकतो. विद्यार्थिनीच्या हातावर अनुभवी दाईचा किंवा सिस्टरचा हात असावा लागतो: “हे बघ, असे लागले पाहिजे.” जन्मलेले मूल रडले नाही, तर पहिल्या एका मिनिटात त्याचा श्वास सुरू करावयाचा असतो, त्या मिनिटात अकोल्याला फोन लावणे म्हणजे ते मिनिट गमावणे. पोट तपासताना कोठे दुखते यापेक्षा रुग्ण कोठे हात लावू देत नाही, हे महत्त्वाचे असते. कॅमेरा रुग्णाचा चेहरा दाखवितो, पण विद्यार्थ्याच्या बोटांना काय जाणवले ते दाखवीत नाही. परिचर्या अभ्यासक्रमांत दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा दंडक याच कारणासाठी आहे. पडद्यामुळे एक शिक्षक शंभरांना पुरतो, असा हिशेब कोणी मांडू लागला, तर त्याला हा एक मिनिट आठवून द्यावा.

भाषेचाही प्रश्न आहे. पडद्यावरचे तज्ज्ञ मुंबईचे वा परप्रांतीय असू शकतात. ‘जीव घाबरते’ याचे भाषांतर प्रशिक्षणार्थी करणार, आणि वाशीम जिल्ह्यातील तांड्यांवर तर आजी-आजोबा गोरमाटी बोलणार. तज्ज्ञाच्या कानी जे पोहोचते ते प्रशिक्षणार्थीने निवडलेले असते. ज्याला काय महत्त्वाचे हे अजून कळत नाही, त्यानेच काय सांगावयाचे ते ठरवावे, असा हा पेच आहे. उपाय सोपा आहे, पण वेळखाऊ: तज्ज्ञाने अधूनमधून मध्यस्थाशिवाय रुग्णाशी स्वतः बोलावे आणि शिकणाऱ्याने ते ऐकावे.

जबाबदारी कोणाची?

आता सर्वांत काटेरी मुद्दा. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत एक वाक्यार्थ असा आहे की, एका नोंदणीकृत डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला दुरून घेतला, तरी उपचार करणारा डॉक्टर पहिलाच राहतो आणि उपचारांची जबाबदारीही त्याचीच. दोन समान दर्जाच्या डॉक्टरांसाठी हा नियम रास्त आहे. पण एमडीचा विद्यार्थी हादेखील एमबीबीएस झालेला नोंदणीकृत डॉक्टर असतो, आणि बंधपत्रावरील तरुण डॉक्टरही असतोच. मग मध्यरात्री त्याने गुरूला विचारले, गुरूने झोपेत चुकीचे सांगितले आणि शिष्याने ते मानले, तर जबाबदार कोण? तत्त्वांचा शब्द पाहिला, तर शिष्य. नैतिकदृष्ट्या पाहिले तर आपल्याला ते पटत नाही. जो शिकतो आहे म्हणून विचारतो, त्याच्यावर न शिकवल्याचा भार टाकता येत नाही.

व्यवहारात यातून एक वाईट सवय लागते. तरुण डॉक्टर रुग्ण वाचविण्यासाठी नव्हे, तर स्वतः वाचण्यासाठी सल्ला घेऊ लागतो. आणि ज्येष्ठही लेखी काही न देता ‘बघून घ्या’ असे मोघम बोलू लागतात. दोघेही मग एकच सुरक्षित वाट धरतात, ती म्हणजे ‘पुढे पाठवा’. रिसोडचा रुग्ण वाशीमला, वाशीमचा अकोल्याला, अकोल्याचा नागपूरला. प्रत्येक पाठवणीत नातेवाइकांचे दागिने गहाण पडतात. देखरेख खरी असेल, तर या पाठवण्या कमी झाल्या पाहिजेत, निदान शहाणपणाच्या तरी झाल्या पाहिजेत. माझ्या दृष्टीने हीच तिची कसोटी आहे.

याला जोडूनच रुग्णाच्या गुप्ततेचा विचार येतो. त्याच तत्त्वांनुसार आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाच्या वतीने सल्ला मागितला, तर रुग्णाची स्पष्ट संमती घेऊन ती नोंदवावी लागते. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. पण शिकाऊ मुलामुलींच्या व्हॉट्सॲप गटांत जखमेची, क्ष-किरणांची, कधी चेहऱ्यासकट रुग्णांची छायाचित्रे सहज फिरतात. हेतू शिकण्याचाच असतो. तरीही आपल्या आईचे असे छायाचित्र वीस अनोळखी मोबाईलांत असावे, असे त्यांतील कोणालाही वाटणार नाही. ही शिस्त पहिल्या वर्षापासून लावावी लागेल, आणि ती लावणाऱ्या ज्येष्ठांनी आधी स्वतः पाळावी लागेल.

सराईवाल्याची गोष्ट

शुभवर्तमानातील भल्या शमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. जखमीला उचलून सराईत नेणाऱ्या त्या प्रवाशाचे आपण कौतुक करतो. पण दुसऱ्या दिवशी तो निघून जातो, हे सहसा लक्षात येत नाही. जखमीची शुश्रूषा तो सराईवाल्यावर सोपवितो. दोन नाणी देतो, अधिक लागले तर परत येताना भरून देण्याचे कबूल करतो. सराईवाला काही वैद्य नव्हता. त्याच्याजवळ साधने दिली होती, खर्चाची हमी दिली होती आणि सोपविणारा परत येणार होता. दुरून देखरेख करणाऱ्याने निदान एवढे तरी करावयास हवे.

मिशन दवाखान्यांच्या इतिहासातही हा धागा आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठातून १९१० साली वैद्यकीय पदवी घेतलेल्या डॉ. मेरी ग्लाउरी १९२० मध्ये भारतात आल्या आणि धर्मभगिनी होऊन आंध्रातील गुंटूर येथे रुग्णसेवा करू लागल्या. एकटीच्या बळावर हजारो रुग्ण पाहणे अशक्य, हे त्यांनी लवकर ओळखले आणि स्थानिक स्त्रियांना औषधे बनविण्याचे, प्रसूतीचे आणि परिचर्येचे शिक्षण दिले. १९४३ साली त्यांनी स्थापन केलेली कॅथोलिक आरोग्य संघटना आज देशभर पसरली आहे, आणि कॅथोलिक वैद्यकीय महाविद्यालयाचे त्यांचे स्वप्न १९६३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, बंगळूरच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाच्या रूपाने साकार झाले. आपल्या खेड्यांतील लहान दवाखान्यांत आजही एखादी सिस्टर एकटीच असते. तिलाही कोणीतरी विचारावयास हवे असते. शासकीय व्यवस्थेने उपकेंद्रांसाठी जी साप्ताहिक पडद्यावरची बैठक भरवावी असे वर म्हटले, तिच्यात या भगिनींना आणि त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलींना जागा मिळाली, तर खर्च काहीच वाढत नाही. पडद्यावर एक चौकोन वाढतो इतकेच.

मग करावयाचे काय? तंत्रज्ञान नाकारणे हा मार्ग नव्हे. ज्या गावी तज्ज्ञ नाही, तेथे ‘पडदा की प्रत्यक्ष गुरू’ असा पर्यायच नसतो. ‘पडदा की काहीच नाही’ असा असतो. पण पडदा मिळाला म्हणून तज्ज्ञांची रिक्त पदे भरण्याची घाई उरली नाही, असे होऊ देता कामा नये. ही भीती काल्पनिक नाही. तात्पुरती सोय कायमची होण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

वाशीमच्या महाविद्यालयाला या बाबतीत एक संधी आहे. जुन्या महाविद्यालयांना सवयी मोडाव्या लागतात, याला त्या लावावयाच्या आहेत. पहिली तुकडी आंतरवासितेला निघण्यापूर्वी तीन-चार गोष्टी ठरविता येतील. प्रत्येक विद्यार्थ्याला एक नावानिशी ठरलेला मार्गदर्शक, ‘विभाग’ नव्हे. रात्री कोणाला उठवावयाचे याची लेखी पाळी, आणि उठविल्याबद्दल कोणी रागावणार नाही याची हमी. कारण ओरडा खाण्याच्या भीतीने न केलेला फोन हा सर्वांत घातक असतो. दिलेल्या सल्ल्याची नोंद दोघांच्याही नावाने. कोणते काम केवळ प्रत्यक्ष देखरेखीखालीच करावयाचे, त्याची यादी. शिवाय महिन्यातून एकदा मार्गदर्शकाने गाडीत बसून रिसोडला, मानोऱ्याला, मालेगावला जाणे. मार्गदर्शकाचा हा प्रवास आणि पडद्यावरचा तास त्याच्या कामाच्या वेळात धरला गेला पाहिजे. दिवसभराची बाह्यरुग्ण तपासणी आटोपून उरलेल्या वेळात करावयाचे धर्मकार्य म्हणून तो सोपविला, तर दोन महिन्यांत बंद पडेल.

आपण सामान्य नागरिकही अगदीच निरुपाय नाही. शासकीय रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्या असतात, ग्रामसभा असतात. तेथे आपण इमारतीला रंग कधी लागणार, रुग्णवाहिका कधी मिळणार हे विचारतो. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारता येईल: आज रात्री येथे जी शिकाऊ मुलगी कामावर असेल, ती अडली तर कोणाला फोन करणार, आणि तो माणूस येथे शेवटचा कधी आला होता?